पुसलेली भेग

साहेब त्या दिवशी गोदामात गेले ते नमुने आणायला. काम तसं किरकोळ. दगडांच्या पेट्यांतून थोडे तुकडे निवडायचे, कापडी पिशव्यांत घालायचे आणि प्रयोगशाळेकडे धाडायचे. एरवी त्यांनी ते कुणाच्याही गळ्यात मारलं असतं. आपली कामं दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवशी ते स्वतः निघाले. निघताना बायकोला म्हणाले, "दुपारपर्यंत येतो. जेवायला थांब." ती थांबणारच होती. लग्न झाल्यापासून ती थांबतच आली होती.

साहेब म्हणजे दगड वाचणारा माणूस. जमिनीत खोल वायू दडलेला असतो, तो काढायला विहीर पाडतात, आणि पाडताना मधूनच पोकळ पात्यानं आतला दगड अखंड कापून वर आणतात. दंडाएवढा जाड, लांबच लांब दांडा. त्याला कोअर म्हणतात. तो बघून खाली काय वाढून ठेवलंय ते सांगायचं, हा साहेबांचा धंदा. सासरी त्यांना कौतुकानं 'दगडवाले जावई' म्हणत. बायकोचा थोरला भाऊ त्याच कंपनीत ड्रिलर होता, म्हणजे विहीर पाडणाऱ्या यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहणारा माणूस. बायको त्याला दादा म्हणायची म्हणून साहेबही दादा म्हणायचे. साहेबांना नोकरी लागली ती दादाच्या शब्दावर, आणि बायको मिळाली तीही दादाच्याच शब्दावर. एवढं करून वर तो साहेबांना 'जावईबापू' म्हणून चिडवायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. यंत्राजवळ विडी-सिगारेट ओढायला बंदी, म्हणून दादा दिवसभर लवंग चघळायचा. तो खोलीत येऊन गेला हे त्या वासावरून नंतरही बराच वेळ कळायचं.

तो दादा आता नव्हता. कसा नव्हता, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

त्या भागात खाली काळा दगड आहे. शेल म्हणतात त्याला. कोणे एके काळी तो समुद्राचा तळ होता. तळाशी हवा पोचत नव्हती, त्यामुळे वरून जे जे मरून खाली पडलं ते कुजलंच नाही. चिखलात तसंच दबून राहिलं. मग चिखलाचा दगड झाला आणि मेलेल्यांचा वायू झाला. हे सगळं साहेबांनीच लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत बायकोला समजावलं होतं. तेव्हा ते घरात बोलायचे. "वायूला जागा पुरेनाशी झाली," ते सांगायचे, "की तो आतून दगडालाच तडा देतो. त्या तड्यात पुढं पांढरं साकळतं, चुन्याच्या जातीचं. भेगेत पांढरी साय दिसली की ती जुनी, नैसर्गिक. तिच्यातून वायू येणार. भेग कोरी असली की ती आपल्या यंत्रानं पाडलेली, तिला घाबरायचं कारण नाही." मग ते खिशातून अ‍ॅसिडची छोटी बाटली काढायचे आणि एखाद्या तुकड्यावरच्या पांढऱ्या रेघेवर थेंब टाकायचे. थेंब फसफसायचा. बायकोला त्याची भारी गंमत वाटायची.

"फेस निवला की पांढरं जातं कुठं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"फेसाबरोबर जातं," साहेब म्हणाले होते. "मग भेग कोरी दिसते."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बायकोला सांगायला नको होतं. पण माणूस तरुण असताना फार बोलतो.

ज्या दिवशी त्या विहिरीतून खोलातला तुकडा वर आला, त्या दिवशी दादानंच तो धुऊन पुसून फळीवर ठेवला. कोअरवर दोन रेघा मारायची रीत आहे, एक लाल आणि एक काळी, शेजारी शेजारी. लाल उजव्या हाताला आली की वरची बाजू वर आहे असं समजायचं. दादाच्या रेघा नेहमी थोड्या तिरक्या यायच्या. त्यानं रेघा मारल्या, मग खाली वाकून दगडाला कान लावला आणि तसाच थांबला.

"जावईबापू," तो म्हणाला, "हा श्वास घेतोय बघा."

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. तुकड्याच्या अंगावरून एक उभी भेग गेली होती आणि तिच्यात पांढरी साय होती. पातळ होती, पण होती. साहेबांना तिचा अर्थ कळायला क्षणभरही लागला नाही. विहिरीत जो घट्ट चिखल भरून ठेवतात, त्याच्याच वजनानं खालचा वायू दबून राहतो. तो चिखल आता आणखी जड करावा लागणार होता. काम थांबणार, वरच्या साहेबांचं तोंड वाकडं होणार, आणि ज्या बढतीची पत्रं टाइप होऊन पडली होती ती तशीच पडून राहणार. साहेबांनी दादाला चहा आणायला पाठवलं. मग बाटली काढली, भेगेवर वरपासून खालपर्यंत अ‍ॅसिड सोडलं, फेस निवू दिला आणि रुमालानं पुसून घेतलं. भेग कोरी झाली. वर त्यांनी कळवलं, की भेगा यंत्रानं पडलेल्या आहेत, दगड घट्ट आहे.

त्या संध्याकाळी दादा बहिणीकडे जेवायला आला होता. हात धुताना तो तिला म्हणाला, "आज एक दगड श्वास घेत होता गं. पण जावईबापूंनी बघितलाय. त्यांनी घट्ट लिहिलंय म्हणजे घट्टच."

दोन दिवसांनी त्या विहिरीतून वायू उसळला आणि पेटला. यंत्राच्या दांड्यावर दादा होता. बाकीचे पळाले. दादा झडप बंद करायला मागं राहिला. हाती लागलं ते एवढं थोडं होतं, की घरच्यांना बघू दिलं नाही. चौकशी बसली. चौकशीला काय, कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचंच असतं, आणि मेलेल्याचं डोकं त्याला सगळ्यात सोयीचं. ड्रिलरनं हयगय केली, असं ठरलं. साहेबांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दगड घट्ट होता." दादाची म्हातारी आई गल्लीतून जाताना लोक आवाज खाली करू लागले. ती पुढं घराबाहेर पडेनाशी झाली आणि त्याच घरात वारली.

बायकोनं एकदाच विषय काढला होता. "पण दादा तर म्हणाला होता, की दगड श्वास घेतोय..."

"दादाला दगडातलं काय कळत होतं?" साहेब म्हणाले होते.

त्यावर ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे पटलं, असा साहेबांनी सोयीनं अर्थ काढला. बढती तर झालीच होती.

आता कंपनी विकली गेली होती. नव्या मालकांनी एक तज्ज्ञ बाई नेमल्या होत्या. जुने सगळे कोअर त्या पुन्हा पाहणार होत्या, भेगा तपासणार होत्या आणि दगडात सेंद्रिय अंश किती, म्हणजे त्या मेलेल्या जिवांचा भाग किती उरलाय, तेही मोजून घेणार होत्या. हे ऐकल्यावर साहेबांनी त्या विहिरीची पेटी अजून गोदामात आहे का, याची आधी चौकशी केली. पांढरी साय गेली होती खरी, पण अ‍ॅसिडनं खाल्लेल्या भेगेचे काठ जाणत्या नजरेला ओळखू येतात. चांगला माणूस असता तर झोपला नसता. साहेब हुशार होते, त्यांना लगेच उपाय सुचला. सेंद्रिय अंश मोजायला दगडाची पूड करतात आणि ती भट्टीत जाळतात. तो तुकडाच नमुना म्हणून निवडला की झालं. पुडीत भेग दिसत नाही.

गोदाम गावाबाहेर होतं. पत्र्याचं छत, खिडकी एकही नाही. आत लाकडी मांडण्यांच्या रांगा, त्यांवर उथळ पेट्या, आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी दिव्याची दोरी. ओढली की तेवढीच रांग उजळायची, बाकी अंधार. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण दार लोटलं की दिवस बाहेरच राहायचा. आत गारवा होता आणि रॉकेलसारखा, कोंदट, जुना वास.

राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं झाला. पेटीचा क्रमांक ऐकल्यावर त्याची चाल मंदावली.

"ती शेवटच्या रांगेत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "एकटीच ठेवलीय."

"का?"

"झाकण राहत नाही तिच्यावर. मी खिळे मारून बघितले. सकाळी उघडंच असतं."

"लाकूड फुगलं असेल."

"असेल," राखणदार म्हणाला. पण रांगेच्या तोंडाशी तो थांबला, दिव्याची दोरी ओढली आणि तिथूनच परत फिरला.

झाकण खरंच उघडं होतं. काळे तुकडे ओळीनं मांडलेले, वर धूळ. एका तुकड्यावर तेवढी धूळ नव्हती. त्याच्यावर तिरक्या दोन रेघा होत्या, लाल आणि काळी, आणि त्यांच्यामधून ती भेग गेली होती. साहेब खाली वाकले. भेगेत पांढरी साय होती. त्यांनी पुसून टाकली होती तेवढी पातळ नाही. जाड, कडेला फुगून वर आलेली.

साहेबांनी स्वतःची समजूत काढली. ओल असेल, दगडातला क्षार बाहेर आला असेल. अशा गोष्टी होतात, आणि झाल्या नाहीत तरी होतात म्हणायचं असतं. त्यांनी बाटली काढली आणि भेगेवर वरपासून खालपर्यंत अ‍ॅसिड सोडलं. फेस उसळला. त्यांनी रुमालानं पुसलं, तसं ते थोडं तळहातालाही लागलं. भेग कोरी झाली. त्यांनी श्वास सोडला आणि बघतात तो भेगेच्या तळातून पांढरं पुन्हा वर येत होतं, दुधावर साय धरावी तसं. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा पुसलं. बाटली निम्मी झाली. रुमाल भिजून जड झाला.

मग फेस निवला, पण आवाज थांबला नाही.

आधी त्यांना वाटलं, अजून कुठंतरी थेंब फसफसतोय. पण फसफस सलग असते. हा आवाज थांबून थांबून येत होता. लांब, बारीक, आत ओढल्यासारखा. मग थोडी शांतता. मग तसाच बाहेर. आणि त्या रॉकेलच्या वासातून दुसराच एक वास वर आला. ओळखीचा. लवंगेचा. त्याच्या मागोमाग काहीतरी करपल्याचा.

साहेब दोन पावलं मागं सरले. ते मांडणीला धरून उभे राहिले.

"दादा...?" त्यांच्या तोंडून गेलं.

आवाज थांबला. संपला असं वाटलं नाही. आपलं नाव घेतल्यावर माणूस ऐकायला थांबतो, तसा थांबला.

साहेबांनी तुकडा उचलला. तो गार असायला हवा होता, पण कोमट लागला. गोदामाच्या टोकाला एक खोली होती, तिथं दगड भरडायचं यंत्र होतं. ते जवळजवळ धावतच तिकडं गेले, तुकडा यंत्राच्या तोंडात घातला आणि खटका दाबला. दगड भरडताना केवढा खडखडाट होतो, पण हा तुकडा फुटताना फक्त एक दीर्घ उसासा आला. तिरक्या रेघा एकेका दाताखाली गेल्या. खाली काळी पूड जमली. साहेबांनी ती सगळी, कणही न सांडता, पिशवीत भरली. वर चिठ्ठी लावली आणि बाहेर उन्हात येऊन उभे राहिले. जिवात जीव आला. दुसऱ्याचा जीव घेऊन वर आपल्या जिवात जीव येतो, हीच तर या जगाची तऱ्हा आहे.

राखणदारानं विचारलं, "पेटीचं झाकण लावू का?"

"लाव," साहेब म्हणाले. "आता राहील."

आणि ते राहिलं. त्या दिवसापासून ते झाकण कधी उघडलं नाही, असं राखणदार सांगतो.

प्रयोगशाळेतून दुसऱ्या दिवशी फोन आला. तिथला माणूस जरा गोंधळलेला होता.

"साहेब, तो एक नमुना... दगडाचाच होता ना?"

"म्हणजे काय?"

"शेलमध्ये शंभर भागांत पाच-सहा भाग जळतात. बाकी दगड खाली राहतो. याचं सगळंच जळालं. बशी रिकामी आहे." त्यानं आवाज खाली केला. मग म्हणाला, "आणि वास साहेब... दगडाचा नव्हता तो. आम्ही खोली बंद करून ठेवलीय."

"आकडा चुकीचा आलाय. टाकून द्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तेव्हा त्यांना दिसलं, की आपल्या तळहातावर एक पांढरी रेघ आहे.

घरी बायकोला ती दिसण्याआधी वासच आला. धुवायला टाकलेल्या कपड्यांतून तिनं तो रुमाल उचलला आणि नाकाशी धरून तशीच उभी राहिली.

"दादाचा वास येतोय," ती म्हणाली.

"काहीतरीच काय?"

"लवंगेचा." तिनं रुमाल घडी करून बाजूला ठेवला, धुतला नाही. मग तिनं त्यांचा हात धरून उताणा केला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कातडीला बारीक चीर होती, रक्त नाही, दुखत नाही, आणि चिरेत पांढरं साकळलेलं. "हे काय लागलंय?"

"चुना असेल कुठला."

तिनं साबण लावला. गेलं नाही. नखानं खरवडलं. गेलं नाही. किटलीच्या तळाला पाण्याचा पांढरा थर बसला की ती व्हिनेगर घालून काढायची. ती सहज उठली, स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणली आणि त्यांच्या तळहातावर थोडं ओतलं.

तळहात फसफसला.

मंद, बारीक फेस. चिरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खोलीभर लवंगेचा वास पसरला. फेस निवला तेव्हा चीर कोरी दिसत होती. बायको तिच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"फेसाबरोबर जातं," ती पुटपुटली. "मग भेग कोरी दिसते... तुम्हीच शिकवलं होतं मला."

साहेबांनी हात मागं ओढला.

"त्या दिवशी दादा ज्याला श्वास घेतोय म्हणाला, तो दगड. त्यात पांढरं होतं ना?"

"तू उगाच कुठलं कुठं जोडतेस."

"होतं ना?"

साहेब मूग गिळून बसले. एवढी वर्षं ती ज्या गप्प बसण्यावर संसार करत आली होती, तेच आता तिला उत्तर म्हणून पुरलं. तिला रडू आलं नाही. आईला दाराआड बसलेली बघून आपण काय काय सोसलं, आणि हा माणूस शेजारी बसून वाढून घेत होता, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

"कुठंय तो दगड?" तिनं विचारलं.

"राहिला नाही."

"बरं. दगड राहिला नाही. तुम्ही राहिलात." ती उठली, मोरीपाशी गेली आणि व्हिनेगरची बाटली उपडी केली. "आता पुसायचं नाही. दादानं काही हयगय केली नव्हती, हे लिहून द्या. त्या नव्या बाईंना द्या. मग बघू."

"लिहिलं तर माझं काय होईल, कळतंय का तुला?"

"दादाचं काय झालं ते कळतंय," ती म्हणाली.

साहेबांनी लिहून दिलं नाही. त्यांनी पूर्ण बाह्यांचे सदरे शिवून घेतले. तेवढ्या उकाड्यात मनगटाशी बटण लावून ते कचेरीत बसायचे आणि घाम पुसायचे. बाहीच्या आत चीर वर सरकत होती. आधी कोपर, मग दंड. ते लपूनछपून अ‍ॅसिड लावायचे, फेस यायचा, पांढरं जायचं, आणि सदऱ्याची बाही खाली ओढेपर्यंत परत यायचं. पहिल्यापेक्षा जाड. शांत खोलीत बसलं की आवाजही यायचा. लांब, बारीक, थांबून थांबून. समोरचा माणूस पंख्याकडे बघायचा.

एका दुपारी बायकोनं तज्ज्ञ बाईंना चहाला बोलावलं. साहेबांना तिनं ते बाई दारात आल्यावरच सांगितलं.

बाई चाळिशीच्या, चष्म्याच्या, थोडक्यात बोलणाऱ्या. खुर्चीवर बसता बसताच त्यांनी विषय काढला. "त्या जळलेल्या विहिरीच्या पेटीतला एक तुकडा मिळत नाही मला."

"नमुन्यासाठी वापरला."

"अख्खा?"

"हो."

"भेग होती का त्याला?"

"यंत्रानं पडलेली," साहेब म्हणाले. "नैसर्गिक नव्हती."

बाईंनी मान हलवली आणि मध्येच थांबल्या. नाक वर करून त्यांनी हवा हुंगली. मग कान टवकारले. खोलीत तो आवाज होता. आज थांबत नव्हता, सलग येत होता, दाबानं.

"तुमच्याकडे गॅस गळतोय का कुठं?" बाई म्हणाल्या. "डोकं जड झालंय माझं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात लायटर.

"अहो," ती म्हणाली, "चहा ठेवायचाय. पेटवू ना?"

साहेबांच्या दंडाला आतून कळ आली. बाही ताणली जात होती. खोलीतला वायू कुठून येतोय, ते त्यांना कळलं. या गावात हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. एक शब्द पुरला असता. थांब. पण का थांब, असं बाईंनी विचारलं असतं, आणि मग बटण काढावं लागलं असतं.

"तुम्ही सांगाल तसं," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच वाट बघत होती. अजूनही त्यांनी तो शब्द म्हणावा, अशी तिची मनापासून इच्छा होती.

"पेटव," साहेब म्हणाले. "काही गळत नाहीये. सगळं घट्ट आहे."

बायकोनं मान खाली घातली. "दादालाही असंच सांगितलं होतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग वर बघून म्हणाली, "बाई, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर थांबता का?"

बाईंना काही कळलं नाही, पण त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. बायकोनं दार लोटलं. आत गेली. साहेबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. लायटरचा आवाज आला.

काही झालं नाही.

बर्नर पेटला होता, रोजच्यासारखा. साहेबांनी डोळे उघडले आणि त्यांना हसू आलं. एवढ्याशासाठी जीव मुठीत धरला, या विचारानं आलेलं ओशाळं हसू. मग त्यांनी दारातून आत पाहिलं. भांड्याखालची ज्योत सरळ उभी नव्हती. वारा नव्हता, पंखा बंद होता, आणि ती निळी ज्योत आडवी होऊन त्यांच्या दिशेनं लांबली होती. साहेब उठून दुसऱ्या खुर्चीत बसले. ज्योत हळूच त्या बाजूला वळली.

बायकोनं पुढचं दार उघडलं.

"या बाई, आत या," ती म्हणाली. "चहाला वेळ लागेल. आमच्याकडे आजकाल आच भांड्याला लागतच नाही. तोवर तुम्ही यांचा हात बघून घ्या."

साहेबांनी बाही दुसऱ्या हातानं दाबून धरली. आवाज एकाएकी बंद झाला होता. बाई चष्मा पुसत जवळ येत होत्या, आणि बाहीच्या आत कुणीतरी, ऐकायला म्हणून, श्वास रोखून धरला होता.